घोटा सावरतोय: आधी घर आवरायचं की आधी चालायला लागायचं?

प्लास्टर निघालंय, किंवा मुरगळलेल्या घोट्याची सूज उतरलीय. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू सुरू करा." आणि घरात पाहावं तर तुरीचं चुंगडं पडवीतच उभं, बाजेवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, न्हाणीत शेवाळ. सासूबाईंचं म्हणणं, घरातली कामं हाच व्यायाम, वेगळा कशाला? फिजिओ म्हणतात, वेगळाच करा. अंगात ताकद मोजकीच असते, म्हणून ती आधी कुठे लावायची हे ठरवावंच लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. सकाळची ताजी ताकद चालण्याला आणि दहा मिनिटांच्या ठरलेल्या व्यायामाला द्या. घर त्यानंतर, थोडं थोडं. अपवाद एकच: ज्यात पाय अडकून पुन्हा पडाल तो पसारा आजच्या आज निघाला पाहिजे, आणि तो घरातल्या दुसऱ्या कोणी काढला पाहिजे. वाटेतलं चुंगडं, मोटारीची लोंबती वायर, न्हाणीतलं शेवाळ, एवढंच. कपड्यांचा ढीग थांबू शकतो.

नुसत्या मेहनतीचा हिशेब केला तर सासूबाई चूक नाहीत. श्रम मोजण्याच्या 'मेट' या मापात झाडलोट आणि मध्यम गतीचं चालणं दोन्ही साधारण ३ ते ३.५ च्या घरात येतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते, त्यात घरकामही धरलेलं आहे. पण दुखापतीनंतर प्रश्न घाम किती गाळला याचा नसतो, दुखऱ्या पायानं किती काम केलं याचा असतो.

आमच्या वहिनी घोटा मुरगळल्यावर ओट्याशी उभ्या राहून भाकरी थापायच्या तेव्हा मी नीट पाहिलं. सगळा भार चांगल्या पायावर, दुखऱ्या पायाची फक्त बोटं जमिनीला टेकलेली. वळायचं झालं तर कमरेतून वळायच्या. दिवसभर राबून त्या थकायच्या, पण त्या पायाच्या पोटरीला काम मिळतच नव्हतं. घरकामात शरीर अशी पळवाट बरोबर शोधतं. चालताना ती शोधली तर माणूस लंगडतो, आणि लंगडणं लगेच दिसतं.

दुसरा फरक थांबण्याचा. चालताना दुखायला लागलं तर माघारी फिरता येतं. कोठी अर्धी रिकामी करून सोडता येत नाही, आणि नळ आला की पाणी भरावंच लागतं. १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो, तेही एकाच हातात, ओल्या फरशीवरून. भांडी घासायला उकिडवं बसायचं तर घोटा आणि गुडघा पूर्ण दुमडावे लागतात, आणि ही हालचाल बऱ्याचदा सगळ्यात शेवटी परत येते.

चालण्याच्या अडचणी आपल्याकडे वेगळ्या. डांबरी रस्त्याची कड तुटलेली, वरून ट्रॅक्टर. पावसाळ्यात काळी माती चपलेला चिकटून पाय जड होतो आणि घसरतो. मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उजाडल्या उजाडल्याच निघायचं. वावराचा धुरा सध्या नकोच. शाळेचं पटांगण किंवा देवळाचा सभामंडप बरा: सपाट जागा, दमलं तर बसायला पायरी. लांब जाऊ नका, कारण गेलात तेवढंच परतावं लागतं. घराजवळच येरझारा घाला. आणि चप्पल नको, मागून बंद असलेला बूट घाला.

ठरलेले व्यायाम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी सुटणारे. चौकट धरून दोन्ही टाचा उचलणं, मग आधाराशेजारी दुखऱ्या पायावर उभं राहणं. घोट्याचे बंध ताणले गेले की पाय कसा टेकतोय याची जाणीव मंदावते, म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. तोल सांभाळायच्या सरावानं हा धोका कमी होतो. हे झाडून-पुसून मिळत नाही. नीट शिकून घ्यायचं तर वर्ध्याजवळ सावंगीला फिजिओथेरपीचं महाविद्यालयच आहे. एक-दोन खेपा करून व्यायाम समजून घ्या आणि घरी करा.

सायकल गुडघ्याला चांगली, पण चढता-उतरताना सगळा भार एका पायावर येतो. दांडीची उंच सायकल असेल तर थांबा. सूर्यनमस्कार आणि बैठका नंतर. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९१४ पासून विदर्भाला व्यायामाची गोडी लावली, ती परंपरा मला फार मोलाची वाटते, पण जोर-बैठका सावरलेल्या शरीरासाठी आहेत.

काहीही निवडा, मोजपट्टी एकच. दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल. दुसऱ्या सकाळी सूज किंवा दुखणं कालच्यापेक्षा जास्त असेल, तर कालचं काम जास्त झालं, मग ते चालणं असो की सारवण. एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तिथे रक्ताची गाठ असू शकते.

घराचं म्हणाल तर बसून होणारी कामं आधी परत घ्या: घड्या, लसूण सोलणं, तूर निवडणं, तीही पाटावर नाही, खुर्चीवर. रोजची भांडी कमरेच्या उंचीवर आणून घ्या. पाणी भरणं आणि उकिडवं बसून करायची कामं घरातल्या माणसांनी उचलायची. मागायला संकोच वाटतो, मला माहीत आहे, तरी मागा. हात किंवा मनगट दुखावलं असेल तर हिशेब उलटतो: चालायला बहुधा लवकर सुरुवात करता येते, घरकामच लांबवावं लागतं.

वेचणीला कधी जायचं, हे विचारलं जातंच. कमरेला कापसाची ओटी, पायाखाली ढेकळं, दिवसभर वाकणं. दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट तोल न जाता उभं राहता आलं, त्याच एका पायावर दहा वेळा टाच उचलता आली आणि हाताचा आधार न घेता उकिडवं बसून उठता आलं, तर जा. पहिल्या दिवशी अर्धाच दिवस, आणि ओटी भरायच्या आधीच रिकामी करत.