इन्स्टॅक्स मिनी १२: घरी वृद्धांची देखभाल करणाऱ्यांच्या हाती द्यावा का?

अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या आईचं सगळं करणाऱ्या माणसाला प्रश्नावली दिली, की उत्तर ठरलेलं असतं: "चाललंय. करावंच लागतं." म्हणूनच फोटोव्हॉइस ही पद्धत इथे उपयोगी पडते. देखभाल करणारी व्यक्ती आपल्या दिवसाचे फोटो स्वतः काढते आणि मग गटात बसून त्यावर बोलते. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतातल्या ग्रामीण स्त्रियांसोबत ती घडवली. समाजकार्य महाविद्यालयं, ज्येष्ठ नागरिक संघ, काळजीवाहकांचे आधारगट असं काम हाती घेतात, तेव्हा पहिला प्रश्न येतो: कॅमेरा कोणता?

फोन तर प्रत्येकाकडे आहे. अडचण अशी, की तो बऱ्याचदा घरातल्या सगळ्यांच्या हातात असतो. सुनेने काढलेला कमोडच्या खुर्चीचा फोटो गॅलरीत नातवाला दिसतो, आपोआप क्लाऊडवर चढतो, एका चुकीच्या बोटाने फॅमिली ग्रुपवर जातो. इन्स्टॅक्स मिनी १२ हा फुजीफिल्म कंपनीचा कॅमेरा फोटो तिथेच कागदावर काढून देतो, त्यामुळे त्यात हे घडू शकत नाही. लोकेशन नाही, इंटरनेट नाही, निगेटिव्ह नाही. फोटोची एकच प्रत निघते आणि ती काढणाऱ्याच्या हातात पडते. नको वाटला तर तिथल्या तिथे फाडून टाकता येतो. या कामासाठी कॅमेऱ्याचा हा सर्वांत मोठा गुण आहे आणि आमच्या मते बाकीच्या बऱ्याच उणिवा त्यापुढे सोसता येतात.

मात्र उणिवा नीट माहीत हव्यात.

फ्लॅश बंद करता येत नाही. प्रत्येक फोटोला तो उडतोच. रात्री दोन वाजता कूस बदलून देतानाचा क्षण हाच देखभालीचा गाभा असतो आणि नेमका तोच या कॅमेऱ्याने टिपता येत नाही. झोपेतून दचकलेला, आधीच गोंधळलेला रुग्ण त्या उजेडाने बिथरू शकतो. सहभागींना स्पष्ट सांगा: रात्री माणसाचा फोटो नाही. त्याऐवजी घड्याळ, उशाशी ठेवलेली घंटा, ओल्या चादरींची बादली टिपा. फ्लॅशची पोच सुमारे २.२ मीटर, म्हणजे लांबट खोलीच्या दुसऱ्या टोकाचा पलंग काळोखात जाणार. उलट स्टीलची भांडी, चकचकीत फरशी आणि गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद यांवर पांढरा डाग उमटतो. समोरून न काढता थोडं तिरकं उभं राहिलं की तो टळतो.

दुसरी चूक अंतराची. भिंग एकदा फिरवलं की कॅमेरा सुरू होतो, आणखी फिरवलं की जवळच्या फोटोसाठी तयार होतो. हा जवळचा टप्पा ३० ते ५० सेंटीमीटरचाच आहे. गोळ्यांच्या डब्यावर वाकून वीतभर अंतरावरून काढलेला फोटो पुसटच येणार. मोजपट्टी देऊ नका. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर दाखवा, ते विसरलं जात नाही. फिल्म भरल्यावर पहिल्या दाबाला काळं आवरण बाहेर येतं, त्याला बिघडलेला फोटो समजून लोक घाबरतात. मागचं झाकण मध्येच उघडलं तर आतली फिल्म खराब होते, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावूनच कॅमेरा द्या. फोटो उमटायला साधारण दीड मिनिट लागतं. तो हलवायचा नाही, वाकवायचा तर मुळीच नाही.

कंपनीने वापरासाठी ५ ते ४० अंश तापमान सांगितलं आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हे काम ठेवू नका, आणि भरलेला कॅमेरा गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत सोडू नका. रंग बिघडतात.

हिशेब असा: सहा सहभागी, दोन आठवडे, प्रत्येकी फिल्मची दोन पाकिटं. एका पाकिटात १० फोटो, म्हणजे १२ पाकिटं आणि सरावासाठी वर एक. तीन कॅमेरे आळीपाळीने पुरतात. सेल एए आकाराचे, प्रत्येक कॅमेऱ्याला दोन, अल्कलाइनच घ्या. खर्च कॅमेऱ्याचा नाही, फिल्मचा होतो. पण मोजकेच फोटो असल्यामुळे माणूस काढण्याआधी थांबून ठरवतो, आणि ते ठरवणंच पुढे चर्चेत कामी येतं.

छपाईचा भाग फक्त ६२ × ४६ मिलिमीटर. गटात हातोहात फिरवायला तो छान, प्रदर्शनाला अपुरा. औषधाच्या चिठ्ठीवरची अक्षरं त्यात सहसा वाचता येत नाहीत, हे एका अर्थी बरंच. खालच्या पांढऱ्या पट्टीवर परमनंट मार्करनेच क्रमांक लिहा, बॉलपेन घसरतं. पाठ काळी असल्याने मागे लिहिता येत नाही. तारीख छापली जात नाही, म्हणून सोबत छोटी वही द्या: क्रमांक, वार, वेळ, एक ओळ.

चर्चेसाठी फोटोव्हॉइसचे पाच प्रश्न ठरलेले आहेत: इथे काय दिसतं, खरं काय चाललंय, आपल्या जगण्याशी त्याचा काय संबंध, हे असं का आहे, काय करता येईल. पहिल्याच प्रश्नाला "पलंग आहे" एवढंच उत्तर येऊन गाडी अडते. त्याऐवजी "तेव्हा किती वाजले होते? आधी काय करून आला होतात?" असं विचारा. मग उंबरठ्याला अडकणारा वॉकर, आजोबा बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून दाराला लावलेलं कुलूप, तीन दिवस पाण्यात पडलेलं स्वतःचं ताट, यावर माणसं बोलू लागतात.

संमतीचं काम कॅमेरा करत नाही. ती तीनदा घ्यावी: काढण्याआधी, गटात दाखवण्याआधी, बाहेर मांडण्याआधी. ज्येष्ठ स्वतः निर्णय घेऊ शकत नसतील, तर त्यांच्या वतीने बोलणारी व्यक्ती बहुधा फोटो काढणारीच असते. इथे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारायलाच हवं. आणि आजींनी तोंड फिरवलं, हात आडवा धरला, तर तोच नकार. कागदावर काहीही लिहिलेलं असो. हात, चष्मा, रिकामी खुर्ची यांचे फोटो पुरेसं बोलतात. अंघोळ, डायपर, शय्याव्रण (पडून राहून झालेल्या जखमा) या वेळी कॅमेरा खोलीबाहेर.

तेव्हा घ्यावा का? घरातली खासगी बाब बाहेर येण्याची धास्ती असलेल्या छोट्या गटासाठी जरूर घ्या. गट मोठा असेल, मुख्य विषय रात्रीची देखभाल असेल किंवा मोठं प्रदर्शन भरवायचं असेल, तर फोनच बरा. फक्त लोकेशन आणि आपोआप होणारा बॅकअप आधी बंद करा, आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसून येतो. फिल्म घेताना पाकिटावरची मुदत दुकानातच पाहून घ्या.