दिल्लीहून सांगलीला बॉनेट, दरवाजे आणि गिअरबॉक्स: आठ महिन्यांचा अनुभव

वडिलांची १९९१ ची मारुती ८०० परत रस्त्यावर आणायला घेतली, त्याला आठ महिने झाले. बारीकसारीक पार्ट सांगली-कोल्हापुरात मिळतात. पत्रा मात्र मिळत नाही, मिळाला तर सडलेला. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांच्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासून चांगल्या अंगाच्या कितीतरी गाड्या तिथे भंगारात निघाल्या. त्यामुळे मायापुरीत, म्हणजे दिल्लीतल्या जुन्या पार्टच्या बाजारात, दरवाजे, बॉनेट स्वस्त. प्रश्न फक्त दीड हजारावर किलोमीटर आणायचं कसं, एवढाच.

आधी कुरिअरला विचारलं. बॉनेट एका हाताने उचलता येतं, पण कुरिअरवाले वजनाबरोबर आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणायची आणि ५००० ने भागायची. माझा खोका १३५ × १२५ × २०, म्हणजे हिशेबाला साडेसदुसष्ट किलो! भाडं बॉनेटच्या किमतीच्या वर गेलं. गिअरबॉक्सचं उलट झालं. पेटी लहान, माल जड, त्यामुळे खऱ्या वजनाचेच पैसे लागले आणि ते परवडले. म्हणून जड आणि आटोपशीर वस्तूला कुरिअर जरूर विचारा, पसरट पत्र्याला नको.

बॉनेट मग दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरातून पार्ट लोडने, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर ट्रकमधून, मागवलं. भाडं कुरिअरच्या निम्म्याहून कमी, तेही टू-पे (माल घेताना द्यायचं), आणि गोडाऊन डिलिव्हरी, म्हणजे त्यांच्या गोडाऊनमधून आपण उचलायचा. पुण्यात माल एका ट्रकमधून दुसऱ्यात गेला. सांगलीजवळ कुपवाडच्या गोडाऊनला गोणपाट सोडलं तर बॉनेटच्या मधोमध कडं उमटलेलं, ताटाएवढं गोल, वर ड्रम ठेवल्यासारखं. डाव्या कोपऱ्याला घडी. फार वाईट वाटलं, कारण एवढा स्वच्छ पत्रा परत हाती लागेल याची खात्री नव्हती. भरपाई मागितली तर ट्रान्सपोर्टवाल्यांनी बिल्टीवरची (मालाच्या पावतीवरची) 'माल मालकाच्या जोखमीवर' ही ओळ दाखवली. डेंटरने तीन दिवस खपून तो सरळ केला.

तेव्हापासून मी भाड्याआधी एकच गोष्ट विचारतो: माल वाटेत किती वेळा उतरणार?

म्हणून दोन्ही दरवाजे रेल्वे पार्सलने आणले. गोवा एक्स्प्रेस दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनहून थेट मिरजेला येते, मध्ये गाडी बदलायची नाही. दुकानदाराच्या पोराला वरखर्च देऊन पार्सल ऑफिसला पाठवलं. काचा आधीच काढून घ्यायला सांगितल्या होत्या. दरवाजे आतली बाजू आतल्या बाजूला करून, मध्ये जुनी रजई, कडांना सायकलची फाटकी ट्यूब, वरून गोणपाट शिवलेलं. तिन्ही बाजूंना नाव, फोन आणि मिरज, जाड मार्करने. डब्यात जागा नसल्याने पार्सल दोन दिवस मागे राहिलं. पण आलं ते ओरखडा न पडता, आणि सगळा खर्च धरून ट्रान्सपोर्टपेक्षा थोडाच जास्त पडला. पोहोचल्याचं कळलं की लगेच सोडवून आणा, नाहीतर व्हार्फेज, म्हणजे माल स्टेशनात पडून राहिल्याचा आकार, चढत जातो. पावती मूळ लागते, ती मी कुरिअरने मागवली होती. किंमत जाहीर करून त्याचा जादा आकार भरला नसेल, तर नुकसानीला रेल्वे किलोमागे अगदी तुटपुंजी रक्कम देते. मी भरला.

ट्रान्सपोर्ट मी सोडलेलं नाही. बंपर, सीटचे सांगाडे, सस्पेन्शनचे पार्ट अजून तिकडूनच येतात. दुकानदाराकडून पक्कं बिल घेतोच. ५०,००० रुपयांच्या वर माल गेला तर ई-वे बिलही (जीएसटीसाठीचं ऑनलाइन वाहतूक बिल) लागतं, माझं तिथवर गेलं नाही. पुण्या-मुंबईहून सायलेन्सरसारखी लांबडी वस्तू आणायची तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीसारखं स्वस्त आणि झटपट काही नाही. पहाटे स्टॉपवर जाऊन हातात घ्यायची. पुढची काच मात्र मी कशानेच मागवली नाही, सांगलीतच नवी बसवली.

डिकीचं झाकण अजून दिल्लीत आहे. ते क्रेटमध्ये उभं बांधून घ्यायला सांगितलंय, पुढच्या आठवड्यात निजामुद्दीनहून निघेल.