लॅपटॉप की डेस्कटॉप? सोलापुरात मुलं सांभाळून घरून काम करणाऱ्यांसाठी

घरून काम करायचं ठरलंय, घरात मूल आहे आणि राहायला सोलापुरात आहात, तर प्रोसेसर आणि रॅमच्या आधी तीन गोष्टी बघा: मुलाचं वय, लाईट आणि ऊन. मी दोन्हींवर काम केलंय.

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर लॅपटॉपच घ्या. ते कधी आणि कुठे झोपेल याचा नेम नसतो. पाळण्याची दोरी एका हातात धरून कोड वाचता येतो. नळाला पाणी आलं की लॅपटॉप उचलून ओट्यावर ठेवायचा आणि मीटिंग ऐकत पिंपं भरून घ्यायची. पाणी रोज येत नाही अशा शहरात ही सोय फार मोठी आहे.

लाईट गेली तर लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो आणि काम तिथेच अडतं. राउटर साधारण दहा-बारा वॉट घेतो. त्याच्यासाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर चालू राहणारा बॅटरीचा डबा, मिळतो, तो आधी घ्या. डेस्कटॉपला मोठा यूपीएस लागतोच. 600 व्हीएचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, म्हणजे काम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरती. आमच्या गल्लीत पाणी सुटलं की सगळ्यांच्या मोटारी एकदम लागतात आणि व्होल्टेज पडतं. अशा वेळी यूपीएस नसलेला डेस्कटॉप खटकन रीस्टार्ट होतो. घरात इन्व्हर्टर असेल तर कामाच्या टेबलाचा प्लग त्या लाईनवर घ्या आणि इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा. त्याने लाईटवरून बॅटरीवर जाताना मधला झटका कमी होतो.

उन्हाळ्यात पारा 42 च्या वर गेला आणि खोली स्लॅबखाली असली की लॅपटॉप तापून संथ होतो. सतत चार्जिंगला लावलेली बॅटरी अशा उष्णतेत लवकर खराब होते. 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग असेल तर ती चालू ठेवा. डेस्कटॉप हे ऊन बरं सोसतो. मात्र यंत्रमागाच्या वस्तीत राहत असाल तर कापसाचा बारीक तंतू पंख्यात जमतो, तो वरचेवर साफ करावा लागतो.

मूल शाळेत जायला लागलं की माझं मत डेस्कटॉपकडे झुकतं. कारण जागा. लॅपटॉप घरभर फिरतो, त्यामुळे आई स्वयंपाकघरातही कामावर आणि रात्री अंथरुणातही कामावर. डेस्कटॉप एका कोपऱ्यात असतो. त्या खुर्चीत आई बसली की काम, उठली की आपली, हे दुसरीतल्या मुलीला न सांगता कळतं. माझी लेक गणिताची वही घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते. मी हेडफोन काढून खाली ठेवला की मगच आत येते. मला हे फार मोलाचं वाटतं. ताक सांडलं तर डेस्कटॉपचा कीबोर्ड काही शे रुपयांत बदलतो; लॅपटॉपमध्ये ते ताक थेट मदरबोर्डपर्यंत जाऊ शकतं. मुलांचं वेगळं खातं उघडता येतं, पासवर्ड आपल्याकडे राहतो, आणि स्क्रीन येता-जाता सगळ्यांना दिसते.

तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, हेही खरं.

कंपनीनेच लॅपटॉप दिला असेल तर दुसरं मशीन घेऊ नका. 24 इंची मॉनिटर, वेगळा कीबोर्ड-माउस आणि पाठीला आधार देणारी खुर्ची घ्या. दिवसभर लॅपटॉप कोपऱ्यात मॉनिटरला जोडून ठेवा, पाणी आलं की केबल काढून उचला. दुकानात जाताना लॅपटॉप सोबत न्या, म्हणजे मॉनिटरला जोडायला एचडीएमआय केबल लागते की टाइप-सी ते तिथेच जोडून बघता येईल. आणि तो लॅपटॉप मुलांच्या हातात कधीच देऊ नका, पाच मिनिटांच्या कार्टूनसाठीही नाही. त्यात दुसऱ्यांचा डेटा असतो.