दुर्बिणीने मणक्याचं ऑपरेशन, आणि कमरेचा तो पट्टा: आठ महिन्यांनंतर

पट्ट्याचं वेल्क्रो मुळापासून उखडलं आणि दुकानदाराने 'वापरलेला माल बदलून मिळत नाही' म्हणून हात वर केले, म्हणून हे लिहितोय. ऑपरेशन आईचं, वय ७१. एल३-एल४ आणि एल४-एल५ या दोन लेव्हल (कमरेच्या मणक्यांमधल्या दोन जागा), नळीतून, स्क्रू न टाकता. ज्यांच्या घरात एमआरआयची फाइल आहे त्यांना लंबर स्टेनोसिस (कमरेच्या मणक्यात नसांची जागा अरुंद होणं) समजावून सांगायला नको, त्यामुळे थेट निकालाकडे येतो.

ऑपरेशनला पूर्ण मार्क. चौकापर्यंत गेलं की पाय जड, पोटऱ्या भरून येणार, मग कुणाच्या तरी ओट्यावर वाकून बसायचं, हे संपलं. पायांचा जडपणा सगळ्यांत आधी गेला. बधिरपणा हळूहळू कमी होतोय, तळपायाला थोडा अजून आहे. कंबर मात्र आधी दुखायची तशीच अधूनमधून दुखते. हे आधीच नीट समजून घ्या. नसांवरचा दाब काढल्याने चालताना पायांत येणाऱ्या कळा जातात. झिजलेल्या सांध्यांची कंबरदुखी या ऑपरेशनने जाईलच असं नाही. ज्यांचा त्रास मुळात कमरेचाच आहे आणि चालताना पायांना काही होत नाही, त्यांनी नुसता रिपोर्ट बघून टेबलावर चढू नये. साठीनंतरच्या बऱ्याच एमआरआयमध्ये जागा अरुंद दिसतेच.

'दुर्बिणीने' म्हटलं तरी पद्धती वेगवेगळ्या असतात, कोणती ते विचारून घ्या. नळीच्या पद्धतीत मधल्या रेषेपासून थोडं बाजूला दोन-अडीच सेंटीमीटरचा छेद घेतात. एकात एक बसणाऱ्या नळ्या घालून स्नायू फाकवतात, हाडावरून खरवडून काढत नाहीत. शेवटची १८ ते २२ मिलीमीटरची नळी टेबलाला जोडलेल्या हाताने घट्ट धरतात. सी-आर्मवर (टेबलाशीच असलेलं एक्स-रे यंत्र) लेव्हलची खात्री करून घेतात आणि मायक्रोस्कोपखाली हाड थोडं घासून नसांवर दाबणारं, जाड झालेलं पिवळं लिगामेंट (मणक्यांमधला बंध) काढतात. मग नळी आणि टेबल तिरकं करून त्याच भोकातून पलीकडची बाजूही मोकळी करतात. पूर्ण एंडोस्कोपीत छेद सेंटीमीटरच्या आसपास, आणि सलाइनचा प्रवाह सतत चालू. तिसऱ्या पद्धतीत दोन छोटी भोकं, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून अवजार. वयस्कर माणसाच्या दृष्टीने तिन्हींचा फायदा एकच: स्नायू शाबूत राहतात, रक्त कमी जातं, आणि माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभा राहतो. भोक किती लहान यावर डॉक्टर निवडू नका. मणक्याच्या सांध्याचा निम्म्याहून जास्त भाग वाचवून दोन्ही बाजूंच्या नसा नीट मोकळ्या झाल्या का, हे महत्त्वाचं.

स्क्रूबद्दल. मणका पुढे सरकलाय म्हटलं की घरचे घाबरतात आणि मणके जोडणाऱ्या स्क्रू-रॉडला लगेच हो म्हणतात. स्वीडनमध्ये ५० ते ८० वयाच्या २४७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात नुसतं मोकळं करणं आणि सोबत मणके जोडणं, दोन्हींचा परिणाम दोन वर्षांनी सारखाच निघाला. नॉर्वेचा २०२१ चा अभ्यास खास मणका सरकलेल्यांवर होता, त्यातही नुसतं मोकळं करणं कमी पडलं नाही. स्क्रू कधीच लागत नाहीत असा याचा अर्थ नाही. एमआरआय झोपून काढतात, त्यात मणका हलतो का ते कळत नाही. त्यासाठी उभं राहून, पुढे वाकून आणि मागे वाकून असे साधे एक्स-रे लागतात. ते न काढता कुणी स्क्रूचं एस्टिमेट हातात देत असेल, तर आधी ते एक्स-रे मागा. काही शेकड्यांचं काम आहे, त्यावर लाखाचा फरक ठरतो.

आता पट्टा. डिस्चार्जच्या कागदावर 'एल एस बेल्ट' (कमरेचा पट्टा) एवढंच लिहिलं होतं. किती तास, किती आठवडे, झोपताना काढायचा की नाही, काही नाही. दुकानात कपड्यांसारखं 'लार्ज द्या' करून देतात. खरं माप बेंबीच्या रेषेत, उभं राहून, टेपने घ्यायचं असतं. लुगडं नेसणाऱ्या बाईचं माप कासोटा सोडून, आतल्या पातळ कपड्यावरून घ्या, नाहीतर एक नंबर मोठा येतो आणि मग वेल्क्रो शेवटच्या दोन बोटांवर कसाबसा टिकतो. आमचा उखडला तो तिथेच: सगळा ताण हुकच्या टोकाला, शिलाई एकेरी. पाठीमागच्या धातूच्या पट्ट्या कमरेच्या खोलगट भागात बसायला हव्यात. वर सरकला की बसताना बरगड्यांना टोचतो, खाली गेला की जांघेत. वेल्क्रोच्या आकड्यांत पदराचे धागे असे अडकतात की सोडवताना लुगड्याला ओढ येते. त्यात कापसाचा, उशीचा धागा-धागा जमून महिन्याभरात पकड अर्धी. जुन्या दात घासायच्या ब्रशने आकडे साफ केले की पकड परत येते. धुताना वेल्क्रो बंद करून, गार पाण्यात, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. उन्हात टाकला की इलॅस्टिक मेलंच.

आणि हे सगळं खानदेशातल्या उन्हाळ्यात. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असताना इलॅस्टिकच्या दोन थरांखाली पाठ काय होत असेल याचा विचार पट्टा बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. घामोळं तर येतंच, पण खरी भीती जखमेची. टाक्यांची जागा ओली राहणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण, आणि साखर असलेल्यांना तर दुप्पट धोका. आत सुती बनियन घालायचं, दिवसातून दोनदा बदलायचं, पट्टा झोपताना काढून ठेवायचा. ऑपरेशन पुढे ढकलता येण्यासारखं असेल, म्हणजे पायाची ताकद जात नसेल आणि लघवी-संडासचा ताबा ठीक असेल, तर दिवाळीनंतरचा मुहूर्त धरा. थंडीत चालणंही होतं.

पहिल्या महिन्यानंतर माझं ठाम मत होतं की पट्टा ही निव्वळ लूट आहे. स्क्रू न टाकता केलेल्या ऑपरेशननंतर पट्टा लावलाच पाहिजे असा भक्कम पुरावाही नाही, अनेक सर्जन देतच नाहीत. आता मत थोडं बदललंय. पट्टा मणका पेलत नाही, तो वाकू देत नाही. आयुष्यभर चुलीपुढे पाटावर बसून कळण्याच्या भाकरी थापलेली, वाकून कापूस वेचलेली बाई 'वाकू नका' सांगून थांबत नाही. हात आपोआप झाडूकडे जातो. पट्टा पोटात रुतला की आठवण होते. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत जीपने किंवा एसटीने तासाभराचा प्रवास करायचा झाला, तर गचक्यांना आधार मिळतो. एवढ्या दोन कामांपुरता ठेवा, घरात बसल्या-बसल्या बांधून ठेवू नका. ज्यांना स्क्रू टाकलेत किंवा ठिसूळ हाडांमुळे मणका दबलाय त्यांचा हिशोब वेगळा, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नये.

पैशांचं: आरोग्य विम्यात कमरेचा पट्टा आणि वॉकरसारखी चालण्याची साधनं 'ऐच्छिक वस्तूं'च्या यादीत आहेत, म्हणजे साध्या पॉलिसीत त्यांचे पैसे कापले जातात. हॉस्पिटलच्या मेडिकलमधून घेतला म्हणून क्लेममध्ये बसेल या आशेवर चढ्या दराने घेऊ नका. बाहेरून, माप देऊन, दुहेरी शिलाईचा घ्या. ऑपरेशनच्या वेळी नसांवर लक्ष ठेवणारं न्यूरो-मॉनिटरिंग असेल, तर त्यावर पॉलिसीत वेगळी मर्यादा असू शकते, तेही आधी वाचा.

पट्ट्यापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी निघाली ती कमोडची खुर्ची. गुडघे कमरेपेक्षा वर जाता कामा नयेत, एवढं बघून उंची लावा. स्वयंपाकघरात ओट्याशी उंच स्टूल. पाण्याची १५ लिटरची कळशी म्हणजे १५ किलो, पहिले सहा आठवडे तांब्या-लोट्यापलीकडे काही उचलू देऊ नका. चालणं एकदम लांब नको, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं.

ऑपरेशनआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांच्या हातात द्या. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर लघवी अडू शकते, तेही आधी सांगा.

मुंबई, नाशिक किंवा सुरतला ऑपरेशन करून लगेच शहादा, तळोदा, रावेरकडे गाडी वळवू नका. पहिले दोन-तीन दिवस हॉस्पिटलच्या जवळ मुक्काम ठेवा. आत रक्त साचून नसांवर दाब आला तर ते बहुधा याच काळात कळतं: पायाची ताकद अचानक जाते, लघवी अडते, मांड्यांच्या मधला भाग बधिर होतो. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री दाखल करायचं. उठून बसल्यावर डोकं ठणकत असेल आणि आडवं झाल्यावर थांबत असेल, किंवा पट्टी पाण्यासारख्या स्रावाने भिजत असेल, तर नसांभोवतीच्या आवरणाला चीर गेलेली असू शकते. तेव्हा पट्टा करकचून आवळून स्राव थांबवायला जाऊ नका. पट्टा काढा, आडवं झोपवा आणि सर्जनला फोन करा.