बोटीचं इंजिन खोटा अलार्म देतंय: नवी बॅटरी, वायरिंग की मेकॅनिक?

गंगाखेड ते नांदेड या पट्ट्यात पुरासाठी ठेवलेली बोट वर्षातले नऊ-दहा महिने शेडमध्येच पडून असते. मे महिन्यात ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बसवायचं आउटबोर्ड इंजिन, बाहेर काढायचं, बोटीला कसायचं, चावी फिरवायची आणि पॅनेलवर बॅटरीचं चिन्ह लुकलुकायला लागतं, बजर थांबायचं नाव घेत नाही. लगेच तीन मतं पडतात. एक म्हणतो नवी बॅटरी आणा, दुसरा म्हणतो वायरिंग बघा, तिसरा कंपनीच्या मेकॅनिकला फोन लावायला निघतो. आमच्या पथकाने तिन्हींवर पैसे घातलेत. माझा कौल मल्टिमीटर आणि जोडण्यांच्या बाजूने आहे. का, ते सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. अलार्म खोटा आहे असं धरून चालू नका. इंजिन चालू असताना त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून नीट पडते का, हे आधी बघा. गोदावरीत जलपर्णी आणि गाळ कमी नाही. पाणी घ्यायची जाळी तुंबली तर भोंगा खराच असतो, इंजिन लगेच बंद करा. धार चांगली असेल आणि इंजिन थंडगार असताना नुसती चावी ऑन केली तरी तापल्याचा अलार्म वाजत राहिला, तर मात्र दोष विजेचा. चावी फिरवल्यावर एकदाच होणारी छोटी बीप बहुतेक इंजिनांत स्वतःची तपासणी असते, तिला घाबरू नका. जमिनीवर तपासताना इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवूनच चालवा. कोरडं चालवलं की पाण्याच्या पंपाचं रबर बघता बघता जळतं.

नवी बॅटरी

सगळ्यांना हाच उपाय सोपा वाटतो, कारण दुकान जवळ असतं. आम्हीही तेच केलं होतं. जुनी काढली, पाच-सहा हजारांची नवी बसवली, नदीत उतरलो आणि दहा मिनिटांत तोच बजर. बॅटरी दोषी आहे की नाही, हे मीटर दोन मिनिटांत सांगतो. रात्रभर चार्ज करून काही तास तशीच ठेवल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. 12.2 म्हणजे साधारण अर्धी. भरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली गेला तर ती थकली, तिथे खर्च योग्य. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी पडून-पडून आपोआप उतरते, प्लेटांवर सल्फेट बसतं, त्यामुळे आपल्याकडे हे होतंच. पण घरची इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी जोडायचा मोह टाळा. ती हळूहळू करंट द्यायला बनवलेली असते, सेल्फच्या झटक्याला नाही. अडल्यावेळी त्यापेक्षा ट्रॅक्टरची बॅटरी बरी, फक्त तिची ताकद इंजिनाच्या पुस्तकातल्या आकड्याइतकी हवी.

जोडण्या आणि वायरिंग

कोकणात खारं पाणी वायरी खातं. आपल्याकडे तेच काम पडून राहणं, धूळ आणि उंदीर करतात. आमचा बजर अखेर सापडला तो निगेटिव्ह केबलच्या टोकाशी. बॅटरीवर विंग नट होता, हाताने फिरवायचा कानवाला. बोटीच्या हादऱ्याने तो अर्धा आटा सैल झाला होता आणि लगखाली (केबलच्या टोकाची धातूची कडी) गंजाची हिरवट-पांढरी पूड साचली होती. बॅटरीच्या खांबावर मीटर 12.6 दाखवत होता, इंजिनापाशी जेमतेम 11.3. इंजिनाचा कॉम्प्युटर तो 11.3 बघतो आणि बॅटरी संपली म्हणून ओरडतो.

हे पकडायची युक्ती साधी आहे. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा आणि जोडीदाराला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची केबल किंवा तिची टोकं खराब. लग काढून पॉलिश पेपरने चकचकीत घासा, विंग नटाऐवजी पान्याने आवळायचा लॉक नट बसवा, वरून पेट्रोलियम जेली लावा. मग सेन्सरच्या वायरी बघा. बऱ्याच इंजिनांत तापमानाच्या स्विचची वायर बॉडीला टेकली तरी भोंगा वाजतो. उंदराने कुरतडलेली वायर नेमकं तेच करते. थंड इंजिनावर त्या स्विचची वायर स्विचपाशी सोडवून पाहा: भोंगा थांबला तर स्विच खराब, वाजत राहिला तर मधली वायर कुठेतरी टेकलीय.

आणखी एक फसवणारा प्रकार: रात्रीच्या सरावात इंजिन मंद चालवत सर्चलाइट लावला की मंद गतीवर चार्जिंग कमी पडतं आणि अलार्म येतो. थ्रॉटल वाढवल्यावर तो थांबला तर बिघाड नाही, लोड जास्त आहे. दोन-अडीच हजार आरपीएमला बॅटरीवर 13.5 ते 14.5 दिसायला हवं. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचा व्होल्ट आवरणारा भाग, गेला, तो अलार्म खरा. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासायची सवय काहींना आहे. त्यानेच रेग्युलेटर उडतो.

कंपनीचा मेकॅनिक

मराठवाड्यात ओबीएमचा जाणकार सहज मिळत नाही. त्याचा येण्या-जाण्याचा खर्च बॅटरीच्या वर जातो. तरी ईएफआय (कॉम्प्युटरने इंधन सोडणारं) इंजिन असेल, अलार्म मधूनच येत-जात असेल आणि वरचं सगळं बरोबर निघालं असेल तर लॅपटॉप जोडून बिघाडाचे कोड वाचणारा माणूसच हवा. एक खूण लक्षात ठेवा: एकदम तीन-चार सेन्सर खराब दाखवले तर सगळे विकत घेऊ नका. त्यांचा 5 व्होल्टचा पुरवठा आणि अर्थ बहुधा एकच असतो, आणि एखादा शॉर्ट झालेला सेन्सर बाकीच्यांना खाली ओढतो.

भोंग्याची वायर तोडून गप्प बसवणं हा चौथा पर्याय काहीजण सुचवतात. माणसं काढायला जाणाऱ्या बोटीवर ते कुणालाही करू देऊ नका.

पावसाळ्याला महिना असेल तर क्रम असा ठेवा: चारशे-पाचशेचा मीटर, दोन्ही टोकं घासणं, अर्थिंगची तपासणी, मग बॅटरीची परीक्षा, आणि एवढ्यावरही बजर वाजला तर मेकॅनिक. आम्ही शेडच्या भिंतीवर दर पहिल्या तारखेला खडूने बॅटरीचं रीडिंग लिहितो. 12.4 च्या खाली उतरलं की त्याच संध्याकाळी चार्जर लागतो.