महाविद्यालयाचे समुपदेशन केंद्र : पहिल्या वर्षातल्या चार भेटींचा अनुभव

उदगीरहून बारावी करून मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आले आणि पहिल्याच वर्षी तिथल्या समुपदेशन केंद्रात चार वेळा गेले. तिथे मला काय मिळाले आणि केंद्र कुठे कमी पडले, हे दोन्ही मोकळेपणाने लिहिते आहे, कारण लवकरच नवी मुले वसतिगृहात दाखल होतील आणि त्यांतल्या अनेकांना ही पायरी चढावी की नाही, असा प्रश्न पडेल.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीत मला ९९ पर्सेंटाइल होते. तरीही माझ्या शिफ्टचा, म्हणजे माझ्या वेळच्या तुकडीचा, पेपर सोपा होता म्हणून ही सीट मिळाली, असे मी मनाशी धरून बसले होते; पर्सेंटाइल त्याच शिफ्टमधल्या मुलांशी तुलना करून काढतात, हे पक्के ठाऊक असतानाही. पहिल्या इन-सेमला, म्हणजे सत्रामधल्या परीक्षेला, गणितात ३० पैकी २७ गुण पडले, तेव्हा सरांनी जुन्याच प्रश्नपत्रिकेतले विचारले असावे, असे वाटले. गुण जितके चांगले, तितकी व्हायवाला (तोंडी परीक्षेला) आपण उघडे पडू ही धास्ती मोठी. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचे मात्र अगदी वेगळे होते. तिने कधी ड्राफ्टर (रेखाचित्रे काढायचे साधन) हातात धरला नव्हता, ग्राफिक्सच्या, म्हणजे अभियांत्रिकी रेखाचित्रांच्या, तासाला इंग्रजीतून चाललेले तिला कळत नव्हते आणि ‘मला जमणारच नाही’ असे म्हणून ती चित्राची शीट कोरी ठेवून द्यायची.

केंद्राने सत्राच्या सुरुवातीला सभागृहात एक तासाचे व्याख्यान ठेवले होते. त्यात आम्हा दोघींनाही, किंबहुना घाबरलेल्या प्रत्येकालाच, ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ (आपले यश खरे नाही, आपण कधीतरी उघडे पडू, असे वाटत राहणे) हे एकच नाव आणि ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ हा एकच उपाय मिळाला. मला ते व्याख्यान निरुपयोगी वाटले आणि मैत्रिणीला तर त्याने त्रासच झाला, कारण आपली अडचण खरी नसून केवळ मनाचा खेळ आहे, असा तिने त्याचा अर्थ घेतला.

वैयक्तिक भेटीत मात्र केंद्रातल्या समुपदेशक मॅडमनी हा गुंता फार नेमकेपणाने सोडवला. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ साली यशस्वी स्त्रियांच्या अनुभवांवरून इम्पोस्टरची ही कल्पना मांडली, त्या दोघींनी तिला रोग म्हटले नव्हते आणि आजही मानसिक आजारांच्या अधिकृत वर्गीकरणात ती नाही, हे मॅडमनी आधी सांगितले. मग क्लान्स यांची २० विधानांची प्रश्नावली दिली, ज्यात प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण असतात. बेरीज किती आली यावर त्या फारशा थांबल्या नाहीत. त्यांनी वहीच्या पानावर तीन रकाने आखायला लावले : मिळालेले गुण, ते का मिळाले असे मला वाटते, आणि त्या विषयासाठी मी खरोखर किती तास बसले. गणितासमोर ‘नशीब’ आणि त्याच ओळीत ‘६२ तास’ असे माझ्याच अक्षरात वाचताना मला रडू आले. माझ्याकडे यशाचा पुरावा होता आणि मी तो नाकारत होते. मैत्रिणीकडे नाकारण्याजोगा पुरावाच अजून तयार झालेला नव्हता. म्हणून तिला त्यांनी रकाने आखायला न लावता दुसऱ्या वर्षाच्या एका ताईकडे चार शनिवार पाठवले. तिसरी शीट तिने कोणाला न विचारता पूर्ण केली आणि रात्री दिवा लावून मला पुन्हा पुन्हा दाखवली.

उणिवाही गंभीर आहेत. पहिल्या भेटीसाठी तीन आठवडे थांबावे लागले. अर्ज फक्त इंग्रजीत आहे, म्हणजे ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज आहे तेच दारात अडतात. खोलीचे दार बोनाफाइडच्या रांगेसमोर उघडते, त्यामुळे कोण आत गेले हे सगळ्या वर्गाला कळते. वर्गात आमच्या उच्चारांवर हसणारे होते, त्याबद्दल केंद्राने काहीच केले नाही. तिथे ‘आपण इथले नाही’ असे वाटण्यात दोष त्या मुलीच्या मनाचा नसतो.

तरीही मी नव्या मुलांना इथे जायला नक्की सांगेन. व्याख्यानावरून केंद्राची पारख करू नका, वैयक्तिक भेटच मागा, अर्ज पहिल्याच आठवड्यात भरा आणि जाताना तपासलेल्या उत्तरपत्रिका व अर्धवट राहिलेल्या शीट्स सोबत न्या. मॅडम मराठीत बोलतात आणि त्या कागदांवरूनच बोलायला सुरुवात करतात.