मालदीव: पाण्यावरचा व्हिला सोडा, धिगुराहला जा

मालदीवचं नाव निघालं की पाण्यावर उभ्या असलेल्या लाकडी खोल्या डोळ्यांपुढे येतात आणि पाठोपाठ त्यांचं भाडं. त्या धास्तीनं कितीतरी जण बेतच सोडून देतात. माझं मत असं, की हा देश बघायला ती खोली लागत नाही. लोकवस्तीच्या बेटावर साध्या गेस्टहाऊसमध्ये राहा आणि पैसा समुद्रात उतरण्यावर खर्च करा. मी आईला घेऊन गेले होते. तिला मासे चालत नाहीत, पोहता येत नाही. मला पाण्यातून बाहेर यायला नको असतं. दोघींनाही तिथून हलवत नव्हतं.

पूर्वी परदेशी पाहुणा म्हणजे रिसॉर्टचंच बेट. 2009-10च्या सुमारास नियम बदलले आणि गावकऱ्यांना आपापल्या बेटांवर गेस्टहाऊस काढता आली. माफुशी त्यातलं सगळ्यात गजबजलेलं, विमानतळापासून स्पीडबोटीनं जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. आम्ही मात्र दक्षिण आरी अटॉलमधलं (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) धिगुराह निवडलं. तीनेक किलोमीटर लांब, रुंदीला अगदी चिंचोळं बेट. एका टोकाला गाव, मग नारळ आणि झाडोरा, आणि दक्षिणेच्या टोकाला समुद्रात शिरलेली वाळूची पांढरी जीभ. बोटीला दोन तास लागतात. मे ते ऑक्टोबर हा तिथला पावसाळी वाऱ्याचा काळ, तेव्हा बोट चांगलीच आपटते. ज्यांना बोट लागते त्यांनी मागची जागा धरावी. डिसेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो, पण दरही चढे असतात.

धिगुराह निवडायचं कारण व्हेल शार्क, म्हणजे माणसाला न चावणारा, ठिपक्यांचा अवाढव्य मासा. दक्षिण आरीच्या बाहेरच्या कडेला तो बाराही महिने दिसू शकतो. जगात अशा जागा फार थोड्या आहेत. 2009 साली हा पट्टा संरक्षित क्षेत्र जाहीर झाला. इथे दिसणारे बहुतेक वयात न आलेले नर असतात. प्रत्येकाच्या कल्ल्यांमागच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी, आणि तिच्या फोटोंवरून अभ्यासक एकेक प्राणी ओळखतात. मी पाण्यात तोंड घातलं तेव्हा आधी नुसता निळा अंधार होता. मग त्यातून ठिपके वर आले, त्यामागे रुंद, सपाट डोकं. पाच-सहा मीटरचा तो जीव माझ्याखालून अजिबात घाई न करता निघून गेला. श्वास घ्यायचा असतो हे मला स्नॉर्केलच्या नळीतून खारं पाणी आल्यावर आठवलं.

पण एका शार्कमागे पाच-सहा बोटी लागतात, हेही सांगायला हवं. नियम आहे: अंगापासून 3 मीटर, शेपटीपासून 4 मीटर लांब राहायचं, हात लावायचा नाही. आमच्याच बोटीवरच्या काहींनी तो मोडला आणि वाटाड्या गप्प बसला. दुसऱ्या एका सहलीत नर्स शार्क जवळ यावेत म्हणून पाण्यात माशांचे तुकडे टाकले गेले. मला ते मुळीच पटलं नाही. बुकिंग करतानाच विचारा, खाणं टाकता का. हो म्हणाले तर दुसरी बोट बघा.

किनाऱ्यालगतचं प्रवाळ पाहताना फोटोंतल्या रंगांची अपेक्षा धरू नका. 1998 आणि 2016 साली समुद्र तापला आणि मालदीवचं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडून मेलं. उथळ पाण्यात आजही तपकिरी तुकड्यांचा खच दिसतो. मासे मात्र भरपूर. पोपटमासे खडक कुरतडताना होणारा कटकट आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. त्यांच्या पोटातून बारीक होऊन पडलेला चुरा म्हणजेच इथली बरीचशी पांढरी वाळू. जिवंत फांद्या पुन्हा फुटताहेत. त्यांच्यावर उभं राहू नका, एवढं कळकळीनं सांगते.

आईचं जेवण जमलं. मास हुनी, म्हणजे ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू, हा तिथला नाश्ता. तिच्यासाठी मासा वगळून खोबऱ्याची कोशिंबीर आणि गरम रोशी, म्हणजे तिथली चपाती, मिळायची, रात्री डाळ किंवा लाल भोपळ्याची रस्साभाजी. मासे चालत नसल्याचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण ट्यूना कशातही असतो. संध्याकाळी ती किनाऱ्यावरच्या जोआलीत, दोरीच्या जाळीच्या खुर्चीत, गावातल्या बायकांशेजारी बसायची. दोघींची भाषा वेगळी, पण नातवंडांचे फोटो दोन्हीकडून निघत.

गाव मुस्लिम आहे, तिथल्या रीतीनं राहावं. पोहण्याचे तोकडे कपडे फक्त पर्यटकांसाठी राखलेल्या बिकिनी बीचवर. बाकी ठिकाणी खांदे आणि गुडघे झाकलेले. बेटावर दारू नाही, सामानातूनही नेता येत नाही. पूजेच्या मूर्ती देशात न्यायला बंदी आहे, म्हणून आईच्या पर्समधला छोटा गणपती आम्ही घरीच ठेवला. शुक्रवारी सरकारी फेऱ्या बहुतेक ठिकाणी नसतात आणि दुपारच्या नमाजाला दुकानं बंद, त्यामुळे त्या दिवशी बेट बदलायचा बेत करू नका.

पैशांचं: डॉलर सगळीकडे चालतो, किराणा दुकानात तिथलं चलन रुफिया बरं, अधिकृत दर डॉलरला 15.42 आहे. खोलीच्या दिसणाऱ्या दरावर 17 टक्के कर, बहुतेक ठिकाणी 10 टक्के सेवाशुल्क, आणि छोट्या गेस्टहाऊसमध्ये माणशी रोज 6 डॉलर हरित कर चढतो. सगळं धरून आकडा लेखी मागा. भारतीय पासपोर्टला व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो. प्रवासाआधीच्या 96 तासांत ऑनलाइन अर्ज तेवढा भरायचा.

राजधानी मालेला परतीच्या दिवसाची सकाळ पुरते. प्रवाळाचे दगड कोरून 1658 साली बांधलेली हुकुरु मिस्कीय मशीद बाहेरून तरी बघाच. विमानतळावरून पूल ओलांडला की शहर.

मास्क आणि नळी मात्र स्वतःची न्या. भाड्याचा मास्क चेहऱ्याला नीट बसला नाही की सारखं पाणी शिरतं, आणि ज्या गोष्टीसाठी एवढं लांब गेलो तीच धूसर दिसते.